सादळलेली अगर-अगर आणि जोर गेलेलं पेक्टिन: दरवर्षीच्या तक्रारीचं निवारण

ही तक्रार दरवर्षी ठरावीक सुमाराला येते. उन्हाळ्यात बिनचिकाच्या खरवसासाठी किंवा पुडिंगसाठी अगर-अगर पावडर आणलेली असते. दुकानात तिला सगळे चायना ग्रासच म्हणतात. गौरी-गणपतीच्या आधी डबा उघडावा तर तळाशी ढेकूळ. ते कसंबसं फोडून वापरलं तर खरवस नीट सेट होत नाही, सुरी घातली की लिबलिबतो आणि कडेने पाणी सुटतं. दुसरी तक्रार फेब्रुवारी-मार्चमधली, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात स्वस्त झाली की ऐकू येणारी: मागच्या मोसमातलं उरलेलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारी पावडर, वापरलं, माप तेच, कृती तीच, आणि जॅमचं झालं सरबत.

दोन्हीकडे निदान एकच होतं, "पावडर जुनी झाली". उपायही एकच, नवीन पाकीट. पण अगर नुसती जुनी झाली म्हणून सहसा बिघडत नाही, ती सादळते. पेक्टिन मात्र कोरडं ठक्क ठेवलं तरी जुनं होतं. दोघांना एकाच फळीवर एकाच नियमाने ठेवलं की दोनातलं एक हातचं जातं.

आधी तपासा, मग फेका

अगरची परीक्षा सोपी आहे आणि तिला दोन ग्रॅम पावडरच लागते. २०० मिली गार पाण्यात २ ग्रॅम अगर भुरभुरवा. पाणी गारच हवं. गरम पाण्यात टाकली तर नव्या पावडरच्याही गुठळ्या होतील आणि परीक्षा तिथेच फसेल. दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. अगर पूर्ण विरघळायला पाणी जवळजवळ उकळावंच लागतं, नुसतं गरम होऊन भागत नाही. मिश्रण वाटीत ओतून ओट्यावरच ठेवा, फ्रिजमध्ये नको. अगर साधारण ३२ ते ४० अंश सेल्सिअसला घट्ट होते, त्यामुळे आपल्याकडच्या खोलीच्या तापमानालाही ती तासाभरात सेट व्हायला हवी.

वाटी उपडी केली आणि वडी अखंड निघाली तर पावडर उत्तम आहे, चूक पाककृतीत शोधा. वडी निघाली पण मऊ, बोटाने दाबली की फुटणारी असेल तर पावडर थोडी कमजोर आहे. पुढच्या वेळी पाव हिस्सा जास्त घ्या आणि ती संपवा, टाकायचं कारण नाही. वाटीच्या तळाशी वाळूसारखे कण दिसत असतील तर पावडर विरघळलेलीच नाही. तेच मिश्रण परत उकळा. अगरचा हा मोठा गुण आहे: घट्ट झालेली जेली ८५ अंशांच्या आसपास पुन्हा वितळते आणि गार झाली की पुन्हा लागते. न जमलेला खरवसही असा परत उकळून सावरता येतो. फक्त त्यात लिंबू, कोकम, चिंच असं आंबट काही नसावं, कारण आंबटात उकळली की अगरचे धागे तुटतात आणि ती खरोखरच कमजोर होते. कोकमाची किंवा लिंबाची जेली करायची असेल तर अगर आधी साध्या पाण्यात उकळून घ्यावी आणि आंबट रस गॅस बंद केल्यावर घालावा. "पावडर खराब निघाली" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोटाळा इथे असतो. डब्याचा त्यात काही संबंध नसतो.

पेक्टिनला ही परीक्षा लावू नका. जॅमसाठी मिळणारं नेहमीचं पेक्टिन नुसत्या पाण्यात घट्ट होतच नाही. त्याला भरपूर साखर लागते, तयार मिश्रणात निम्म्याहून बरीच जास्त, आणि सोबत आंबटपणाही. पाण्यात उकळून बघितलं, पातळच राहिलं, म्हणून चांगलं पेक्टिन कचऱ्यात जातं. त्याची खरी परीक्षा म्हणजे अर्धी वाटी फळाचा छोटा घाणा. फ्रिजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने सरकवायचा. वर सुरकुती पडली तर जोर आहे.

ढेकूळ होतं कुठे

लोकांना वाटतं, कपाटात ठेवल्या ठेवल्या हवा शिरली. थोडी शिरतेही. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि नुसतं झाकण टेकवलेला स्टीलचा डबा ती अडवू शकत नाही. पण मोठं नुकसान कपाटात होत नाही, गॅससमोर होतं.

पातेल्यात दूध उकळतंय, एका हाताने ढवळणं चालू आहे, दुसऱ्या हातात पाकीट, आणि ते थेट पातेल्यावर तिरकं केलेलं. वाफ वर येते ती सरळ पाकिटाच्या तोंडात. आतल्या पावडरवर ओलसर पापुद्रा चढतो, पण तो तेव्हा दिसत नाही. पाकिटाला रबर लावून ठेवून दिलं की ती ओल आतच राहते, आसपासच्या पावडरीत मुरते आणि काही दिवसांत खडा तयार होतो. चमच्याचंही तसंच. वाफेवर धरलेला चमचा परत बरणीत बुडवला की टोकाला चिकटलेले चार दाणे म्हणजे पुढच्या गुठळीचं बी. म्हणून एवढं एकच पाळलं तरी निम्मी तक्रार जाईल: लागेल तेवढी पावडर गॅसपासून लांब, कोरड्या वाटीत आधी काढून घ्यायची, बरणी बंद करून जागेवर ठेवायची आणि मगच गॅस पेटवायचा.

दुसरी जागा म्हणजे फ्रिज. महागाची वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची आपली सवय अगरला नडते. गार बरणी बाहेर काढली, दमट स्वयंपाकघरात लगेच उघडली, की आतल्या गार काचेवर आणि पावडरवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं. असं चार-सहा वेळा झालं की पावडर ओलसर लागायला लागते, आणि आपण समजतो की फ्रिजमध्ये असून बिघडली. ती फ्रिजमध्ये होती म्हणूनच बिघडली. अगरला थंडीची गरज नाही, तिला कोरडेपणा हवा.

गुठळी झालेल्या अगरचा जोर का कमी भासतो, तेही बघण्यासारखं आहे. तिचा गुणधर्म फारसा गेलेला नसतो. पण गुठळी पाण्यात पडली की तिचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आत पाणी शिरू देत नाही. आतली पावडर कोरडीच राहते, ती जेलीच्या कामाला येतच नाही. शिवाय खड्यांनी भरलेल्या चमच्यात मधे पोकळी असते, म्हणजे मापही कमी भरतं. चमचाभर म्हणून घातलेल्या पावडरपैकी प्रत्यक्षात काम करणारी कमी, मग खरवस लिबलिबीत होणारच. यासाठी छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. अगर चमच्याने मोजणं मला तरी पटत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची पावडर बारीक-जाडसर असते आणि एकाच चमच्यात वेगवेगळं वजन भरते.

खडे झालेली अगर वाचवायची कशी? वास घेऊन बघा. नुसते खडे असतील, कुबट वास नसेल, रंगीत डाग नसतील, तर खडे ताटात पसरून कडक उन्हात तासभर ठेवा आणि कोरड्या मिक्सरमध्ये फिरवून घ्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर खडे तसेच गार पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत घाला, मऊ झाले की हाताने चुरून त्याच पाण्यासकट उकळा. हिरवट-काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर मात्र वाचवत बसू नका. उकळताना येणारा हलका समुद्री वास वेगळा, तो तिचा स्वतःचाच असतो. अगर समुद्री शेवाळापासूनच बनते. आपल्या देशात ती शेवाळं मुख्यतः तमिळनाडूत, मन्नारच्या आखाताच्या किनाऱ्यावर गोळा होतात आणि ते काम बरंचसं तिथल्या बायका पाण्यात उतरून करतात.

अगर सहजी कुजत का नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या एका जुन्या गोष्टीत आहे. १८८१-८२च्या सुमारास जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात वितळायचं, आणि काही जंतू ते खाऊन पातळ करायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेलीसाठी अगर वापरत. त्यांनी ती सुचवली. अगर उबेला टिकली आणि बहुतेक जंतूंना ती पचेना. आजही जंतूंच्या बशांमध्ये अगरच असते. घरच्या बरणीला हाच फायदा मिळतो. कोरडी शुद्ध अगर पाकिटावरची तारीख उलटल्यावरही कामाला येते, वरची वाटीची परीक्षा तेवढी करून घ्यावी. 'शुद्ध' हा शब्द मात्र बघून घ्या. पाकिटावर अगर मोठ्या अक्षरात आणि घटकांच्या यादीत साखर, डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखरच) किंवा कॅराजिनन (शेवाळापासूनच काढलेली, जेली करणारी दुसरी पावडर) असंही असतं. यादीतला आयएनएस क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या अशा घटकांचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, बघा: अगरचा ४०६, कॅराजिननचा ४०७, पेक्टिनचा ४४०, कोंजॅक या कंदाच्या पावडरीचा ४२५. साखर मिसळलेली पावडर लवकर सादळते, आणि तिला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

बरणी, पाकीट आणि तांदळाची पुरचुंडी

पावडर मूळ पाकिटातच राहू द्या. पाकिटातली हवा दाबून काढायची, तोंड दोन-तीन घड्या घालून चिमट्याने बंद करायचं आणि ते पाकीट रबरी रिंग असलेल्या काचेच्या बरणीत ठेवायचं. तारीख, आयएनएस क्रमांक आणि प्रमाण सोबत राहतं, आणि दोन आवरणं मिळतात ती वेगळीच. जास्त प्रमाणात आणत असाल तर लोणच्यासारखं करा: मोठी बरणी महिन्यातून एकदा उघडायची, रोजच्या वापराची छोटी वेगळी. ऑर्डर घेणाऱ्यांनी तर हे करावंच. दिवसाला तीनदा उघडणारी अर्धा किलोची बरणी पावसाळ्यात टिकणं कठीण.

बरणी धुतली असेल तर झाकण उलटं करून बघा. काच कोरडी दिसते, पण झाकणाच्या आट्यांमध्ये आणि रबरी रिंगच्या खाचेत पाणी लपून बसतं. रिंग काढून, पुसून, बरणी आणि झाकण वेगवेगळं रात्रभर उघडं ठेवा. कॉफीची, मसाल्याची, लोणच्याची रिकामी बरणी घेऊ नका. अगर वास धरते, आणि खरवसात हिंगाचा वास आला तर तो वेलचीनेही झाकत नाही. म्हणूनच मसाल्याच्या खणात, गॅसच्या वरच्या कपाटात आणि सिंकखाली ठेवणं टाळा. गॅसच्या वरचं कपाट हाताशी असतं खरं, पण रोजची सगळी वाफ आणि ऊब तिथेच जाते. खोलीच्या आतल्या भिंतीचं, उन्हापासून दूर असलेलं फडताळ बरं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्या भिंतीला टेकलेली फळी नको.

मिठात घालतात तशी तांदळाची पुरचुंडी घालावी का? घाला, पण तांदूळ कोरडे भाजून पूर्ण गार करून घाला. डब्यातले तांदूळ आधीच स्वयंपाकघरातली ओल पिऊन बसलेले असतात, ते आणखी काय शोषणार? त्याहून सिलिका जेलच्या खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकत मिळणाऱ्या पुड्या चांगल्या. बुटांच्या खोक्यातली पुडी अन्नात नको. निळे मणी रंग बदलतात म्हणून लोकांना आवडतात, पण त्यांच्या निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात, ते खाण्याच्या पदार्थाजवळ नको. पुडी पाकिटाबाहेर, बरणीत ठेवायची, आणि दर पावसाळ्यात नवी. ओल पिऊन भरलेली पुडी आत असूनही काही करत नाही.

धान्याच्या सवयी इथे आणू नका. एरंडेल, बोरिक पावडर, कडुनिंबाचा पाला हे सगळं धुऊन किंवा पाखडून घेता येणाऱ्या धान्यासाठी. पावडर धुता येत नाही. बोरिकबद्दल आणखी एक. अगर, कॉर्नफ्लॉवर, सायट्रिक ॲसिड, खायचा सोडा, बोरिक या सगळ्या पांढऱ्या किंवा पांढरट पुडी आहेत, आणि बिनलेबलच्या एकसारख्या डब्यांत ओळीने ठेवल्या की कोण कोणती हे घरातल्या एकालाच माहीत असतं. तो माणूस गावाला गेला की संपलं. बोरिक विषारी आहे. ते स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवूच नका. बाकीच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून नाव आणि आणल्याचा महिना लिहा.

पेक्टिनची गोष्ट उलटी

पेक्टिन संत्र-लिंबाच्या सालीतून आणि रस काढून उरलेल्या सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. ते बंद पाकिटातही हळूहळू जोर गमावतं, कारण त्याच्या लांब साखळ्या ऊब आणि ओल यांनी तुटत जातात. अगरचा शत्रू कोकणातला आषाढ, तर पेक्टिनचा विदर्भातला वैशाख. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फळीवरही काही कमी तापत नाही. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीसाठी किंवा संत्र्याच्या मार्मालेडसाठी आणलेलं पाकीट अख्खा उन्हाळा आणि मग अख्खा पावसाळा काढतं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याच्याकडून तेवढ्याच कामाची अपेक्षा असते. स्ट्रॉबेरीत मुळात पेक्टिन कमी, त्यामुळे कमजोर पावडर तिथे लगेच उघडी पडते. पेरूच्या जेलीत कळणारही नाही, कारण पेरूत स्वतःचंच भरपूर असतं.

म्हणून फ्रिज पेक्टिनला द्या, अगरला नको. पण रीत सांभाळा. पाकीट घट्ट बंद, त्यावर झिपची पिशवी, मग बरणी. वापरायच्या दोन-तीन तास आधी बरणी बाहेर काढून न उघडता ठेवायची. खोलीच्या तापमानाला आली, काचेवरचा दमटपणा गेला की उघडायची आणि लागेल तेवढं काढून बाकीचं बंद करून परत आत. आदल्या दिवशी फ्रिजबाहेर काढून ठेवलं तरी बिघडत नाही. घाईत गार पाकीट उघडणं मात्र टाळा. द्रव पेक्टिनची बाटली आणली असेल तर ती उघडल्यावर फ्रिजमध्येच.

मुळात मोठं पाकीटच आणू नका. एका मोसमात संपेल एवढंच आणा. किलोमागे स्वस्त पडतं म्हणून आणलेलं पेक्टिन पुढच्या वर्षी दीडपट वापरावं लागतं, मग स्वस्ताई राहिली कुठे? जुनं शिल्लक असेलच तर ते पेरू, सफरचंद, आवळा अशा फळांत मिसळून संपवा आणि स्ट्रॉबेरीसाठी नवं पाकीट फोडा. वापरताना पेक्टिन पाच-सहापट साखरेत कोरडंच मिसळून मग फळाच्या गरात घालावं, गुठळी होत नाही. पण ही साखर-पेक्टिनची भुकटी आधीच बनवून बरणीत भरून ठेवू नका. पावसाळ्यात साखर ओल ओढते आणि पेक्टिनला सोबत घेऊन बसते.

बाकीच्या पावडरी

कॅराजिननचं जमवणं सोपं, अगरचेच नियम. व्हेज जिलेटिन म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बऱ्याचदा तेच असतं, कधी अगर मिसळून. दुधात ते कमी प्रमाणात काम करतं, त्यामुळे पाण्याच्या जेलीचं माप दुधाला लावलं तर रबर होतं.

कोंजॅक अलीकडे केटो आहार (पिठूळ-गोड जवळजवळ वर्ज्य) करणाऱ्यांमुळे घरात यायला लागलं. ते सगळ्यात लवकर ओल धरतं आणि ओला चमचा त्यात गेला तर चिकट गोळाच होतो, तो परत पावडर होत नाही. मासळीसारखा वास येतो तो कमी शुद्ध केलेल्या पावडरला नवीन असतानाही असतो, म्हणून नवं पाकीट आणल्या दिवशीच वास घेऊन ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. हा डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. कोरडी पावडर तोंडात टाकली तर ती घशातच फुगू शकते, इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं ते याच कारणाने.

फळांच्या चवीच्या तयार जेली मिश्रणात साखर आणि आंबट आधीच असतं. ते फोडलं की पूर्ण वापरा. अर्धं पाकीट घडी घालून ठेवलं तर आठवड्यात ओलसर होतं, आणि उरलेलं वजन करून अर्ध्या मापाने करायला गेलात तरी चव आणि घट्टपणा दोन्ही हलतात, कारण हाताळताना साखर आणि बारीक पावडर वेगवेगळ्या थरांत जाऊन बसतात. अर्धं करायचंच असेल तर पाकीट फोडल्याबरोबर कोरड्या भांड्यात सगळं ओतून, नीट कालवून, मग काट्यावर दोन भाग करा आणि दुसरा भाग त्याच आठवड्यात वापरून टाका.

अगरच्या पट्ट्या मिळत असतील आणि घाई नसेल तर पावसाळ्यापुरत्या पट्ट्याच घ्या. पावडरपेक्षा त्या हवेतली ओल सावकाश घेतात, आणि घेतलीच तर नरम पडतात, खडा होत नाही. कात्रीने कापायच्या, अर्धा तास भिजवायच्या आणि पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या. त्याला पावडरपेक्षा वेळ लागतो, आणि शेवटी गाळणीतून गाळून घ्यावं लागतं, नाहीतर खरवसात मधेच एखादा धागा दाताखाली येतो. वजनाला मात्र पट्ट्या पावडरपेक्षा जास्त लागू शकतात. २ ग्रॅम पावडरच्या जागी आधी २ ग्रॅम पट्ट्या घालून वाटीची परीक्षा करा आणि मग लागेल तसं वाढवा.